चौथऱ्यावरचं मिग-21, समुद्र 400 मीटरवर: रिव्हेटभोवती रंग फुगतोय

किनारा_देखभाल
कोकण किनाऱ्यावरच्या एका उद्यानात निवृत्त मिग-21 लोखंडी खांबावर बसवलेलं आहे, नाक साधारण 15 अंश वर. पंखांच्या खालच्या अंगाला रिव्हेटच्या (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या) ओळींवर रंगाला फोड आलेत. खरवडलं की पांढरी भुकटी निघते. वरचं अंग त्यामानाने चांगलं आहे. पाऊस थांबल्यावरही चार-पाच दिवस शेपटीकडून पाणी ठिबकतं. कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, धुरकटली आहे. ठेकेदार म्हणतो, वाळू मारून पत्रा उघडा करू, रेड ऑक्साइडचा एक हात देऊ आणि वर गाड्यांच्या रंगाचे दोन हात. काम ऑक्टोबरात. अमेरिकेत वाळवंटातल्या विमानांवर मारतात तो पांढरा लेप इथे चालेल का, असंही समितीत विचारलं जातंय. जाणकारांनी सांगावं.

ड्युराल्युमिन
वाळू अजिबात नको. हा पत्रा ड्युराल्युमिनचा, म्हणजे तांबं मिसळलेल्या अॅल्युमिनियमचा, रशियन डी-16 जातीचा असतो. त्याला ताकद तांब्यामुळे येते आणि क्षरणाची खोडही तांब्यामुळेच. म्हणून दोन्ही अंगांना शुद्ध अॅल्युमिनियमचा पातळ थर बसवलेला असतो. वाळूच्या माऱ्यात पहिला तोच जातो, शिवाय पातळ पत्र्याला लाटा येतात.

फोड खालीच का आले, यात अर्धं उत्तर आहे. वरचं अंग पाऊस धुतो, खालच्या अंगावरचं मीठ कुणीच धूत नाही. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि हवेत 33-35 टक्के आर्द्रता असली तरी ते पाणी ओढून घेतं. कोकणात मीठ चढलेला पत्रा हाताला कोरडा लागला तरी जवळजवळ वर्षभर ओलाच असतो. रिव्हेटच्या भोकाशी शुद्ध थर कापलेला असतो, डोक्याखाली केसाएवढी फट असते. क्षरण तिथून सुरू होतं. मिठावर रंग चढवला की पुढच्या पावसाळ्यात फोड परत येणारच.

म्हणून आधी धुणं. 7 ते 8 पीएचचा साबण, मऊ ब्रश, गोडं पाणी. साबण खालून वर लावायचा म्हणजे ओघळ उमटत नाहीत, खळबळायचं वरून खाली. प्रेशर वॉशरचा झोत सांध्यांवर नको, मीठ आत ढकललं जातं. पाण्यातले क्षार मोजणाऱ्या साध्या टीडीएस मीटरने नळाचं पाणी आणि पत्र्यावरून उतरणारं पाणी मोजा. दोन्ही आकडे जवळजवळ जुळेपर्यंत धूत राहा. बोअरचं पाणी खारट असेल तर शेवटचा हात टँकरच्या गोड्या पाण्याचा.

भुकटी नायलॉनच्या स्क्रबरने किंवा 240 नंबरच्या अॅल्युमिनियम ऑक्साइड कागदाने काढा. तारेचा ब्रश आणि स्टील वूल वर्ज्य: लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि प्रत्येक कणाभोवती नवा खड्डा पडतो. खुणा मार्करने करा, पेन्सिलने नको. ग्राफाइटही अॅल्युमिनियम खातं. दोन रिव्हेटांमध्ये पत्रा उशीसारखा फुगला असेल तर क्षरण आतल्या बाजूने आहे. तिथे बाहेरून घासून उपयोग नाही, पॅनल उघडावं लागेल.

निचरा
ड्युराल्युमिनदादांनी मिठाचं सांगितलं, मला पाण्याची जास्त काळजी वाटते. मिग-21 ची हवा नाकातून आत जाते. नाक 15 अंश वर म्हणजे त्या तोंडाचं नरसाळं झालं. पाणी कॉकपिटच्या दोन्ही बाजूंच्या मार्गांनी इंजिनाच्या जागेत उतरतं, तिथून शेपटीत. कारखान्यातली निचऱ्याची भोकं विमान चाकांवर उभं असताना जो भाग सखल असतो तिथे आहेत. तुमच्याकडे सखल भाग सरकलाय, भोकं तिथेच राहिलीत. गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयातलं सुपर कॉन्स्टेलेशन हे जुनं विमान तितक्याच खाऱ्या वाऱ्यात आहे, पण चाकांवर उभं आहे.

नाकाच्या शंकूभोवती 3 मिमी अॅक्रिलिकचं कडं बसवा, खालच्या बाजूला हवेसाठी फट ठेवून. पूर्ण बंद केलंत तर दिवसा तापलेली हवा बाहेर जाते, रात्री दमट हवा आत येते आणि आतच दव धरतं. फटीला आणि इंजिनाच्या मागच्या नळीला 12 मिमीची नायलॉन जाळी लावा. पारव्यांची घरटी आणि विष्ठा ओल धरून ठेवतात. पितळी किंवा तांब्याची जाळी नको.

मग मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप आत घालून प्रत्येक कप्प्यात पाणी कुठे साचतं ते बघा. जुनी भोकं नायलॉनच्या दोरीने मोकळी करा. नवं भोक 8 मिमीचं, दोन फ्रेमच्या मधल्या पत्र्यात, सर्वांत सखल जागी; फ्रेम किंवा स्ट्रिंगरला (पत्र्यामागच्या आडव्या-उभ्या आधारपट्ट्यांना) ड्रिल लावायचं नाही. कड गुळगुळीत करून तिला प्रायमर लावा.

खांबाशी जोड आहे तिथे लोखंड आणि अॅल्युमिनियम थेट भिडलंय का, तेही बघा. मध्ये 5-6 मिमी एचडीपीई (कडक प्लास्टिक) हवं, बोल्टलाही नायलॉनची बाही हवी. ही जोड सैल करण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्या.

टूसॉन_ते_तळकोकण
पांढऱ्या लेपाबद्दल. अॅरिझोनात टूसॉनजवळ डेव्हिस-मॉन्थन तळावर 1946 पासून विमानं साठवतात. तिथे वर्षाला जेमतेम 300 मिमी पाऊस, तळकोकणात 3000 च्या वर. इंधनाच्या टाक्या रिकाम्या करून पातळ तेल फिरवतात, फटी टेपने बंद करतात, मग आधी काळा आणि त्यावर पांढरा सोलून काढता येणारा लेप देतात. तो ऊन आणि धूळ अडवायला. पोटाखालची भोकं तिथेही उघडी ठेवतात. कोकणात त्या लेपामागे पाणी अडकून राहील. नको.

किनारा_देखभाल
आभार. वाळू रद्द. मग रंगाची पद्धत आणि वेळ काय?

ड्युराल्युमिन
ऑक्टोबर टाळा, नोव्हेंबर मध्य ते फेब्रुवारी घ्या. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश वर हवं, आर्द्रता 85 टक्क्यांखाली. सकाळी दव वाळल्यावर सुरू करा, दुपारी 3 ला थांबा. रेड ऑक्साइड लोखंडासाठी आहे, अॅल्युमिनियमला नीट धरत नाही. उघड्या धातूवर कन्व्हर्जन कोटिंग (रंग धरायला मदत करणारा रासायनिक थर), ते न वाळू देता धुवायचं. कोरडं झाल्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर 20-25 मायक्रॉन, वर दोन घटकांचं पॉलियुरेथेन 50-60. गाड्यांचा रंग त्या जातीचा असेल तर हरकत नाही. रंगानंतर आतल्या कप्प्यांत मेणासारखा थर सोडणारं गंजरोधक फवारा. आधी फवारलंत तर रंग धरणार नाही.

जुना पिवळसर-हिरवट प्रायमर क्रोमेटचा असतो, त्याची धूळ कर्करोगकारक. ओलं घासा, पी-100 दर्जाचा बारीक धूळ अडवणारा मास्क वापरा, गाळ गटारात सोडू नका.

निचरा
कॅनॉपी उघडण्याआधी इजेक्शन सीटची (वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीची) काडतुसं काढल्याचं हवाई दलाचं लेखी प्रमाणपत्र हातात हवं. तोवर कॉकपिटमध्ये कुणीही हात घालायचा नाही. जुन्या डायलवर रेडियमचा रंग असू शकतो, तो खरवडू नका. कॅनॉपी फक्त साबणाच्या पाण्याने धुवा. थिनर किंवा अमोनियाचं क्लीनर लागलं की आत बारीक तडे जातात आणि ते पॉलिशने निघत नाहीत. झाकण पांढऱ्या, हवा जाणाऱ्या कापडाचं. ताडपत्री आतून घामेजते.

पुढे मार्च ते मे खारा वारा जोरात आणि पाऊस नाही, तेव्हा खालचं अंग दर 15 दिवसांनी धुवा, एरवी महिन्यातून एकदा. आगोटीआधी सगळी भोकं तपासा. पहिल्या मोठ्या सरीनंतर दुसऱ्या दिवशीही शेपटीकडून ठिबकत असेल तर एखादा कप्पा राहिला आहे, तो एंडोस्कोपने शोधा.