बॅलीचं जुनं पिनबॉल: बोर्ड दुरुस्त करू का नवीनच टाकू?

बर्डीकर: राजेहो, 1980च्या आसपासचं बॅली कंपनीचं पिनबॉल गेमचं मशीन आहे, एमपीयू बोर्डवरची (मशीनचा मेंदू असलेला मुख्य बोर्ड) बॅटरी लीक होऊन तांब्याचे ट्रॅक हिरवे पडलेत अन् चालू केलं की बोर्डवरची एलईडी दोनदाच लुकलुकते. नागपूरच्या सीताबर्डीत पार्ट शोधू का सरळ नवीन बोर्ड मागवू?

सोल्डरभाऊ: थांबा जरा भाऊ. सुरुवातीचा हलका फ्लिकर सोडून सात वेळा लुकलुकायला पाहिजे, दोनवरच अटकते म्हणजे बहुतेक 5101 रॅम (मेमरीची चिप) नाहीतर तिचं सॉकेट खराब. आधी बॅटरी कापून काढा. निकेल-कॅडमियमचा पाझर अल्कली असतो, म्हणून व्हिनेगर ब्रशनं घासा, मग पाणी, शेवटी आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), अन् तांबं चकचकीत होईस्तोवर खरवडा, हिरव्यावर सोल्डर धरतच नाही. नंतर बॅटरी नकोच, रॅमच्या जागी एनव्हीरॅम (बॅटरीशिवाय माहिती जपणारी मेमरी) टाका.

कॉइलवाला: ट्रॅक आतून खाल्ले असतील तर मी नवीनच टाकीन, डिप स्विचनं (बोर्डवरची बारकी बटणं) आपल्या मशीनचा गेम निवडता येणारे बोर्ड मिळतात. पण आधी ड्रायव्हर बोर्डचे (कॉइलला वीज देणारा बोर्ड) ट्रान्झिस्टर मीटरनं तपासा बरं, एखादा शॉर्ट असला तर कॉइल सतत चालू राहून जळते.

बर्डीकर: आधी घासून बघतो मंग. जुना बोर्ड वाचला तर लय आनंद होईल.