हमीची पेन्शन की एनपीएस: आधी सेवापुस्तक उघडा, मग आम्हाला वेड्यात काढा

परीक्षा_विभाग

काल इथे एका सरांनी लिहिलं, की हमीची पेन्शन समोर आलेली असताना जो कर्मचारी एनपीएसमध्येच (पगारातून कापून बाजारात गुंतवलेल्या फंडावरची, हमी नसलेली पेन्शन) राहील तो स्वतःच्या हाताने बायकापोरांच्या तोंडचा घास काढतोय. खाली साठ-सत्तर जणांनी 'अगदी बरोबर' म्हणून माना डोलावल्या. मला रात्री झोप लागली नाही. मी एनपीएसमध्येच राहायचं ठरवलंय आणि ते बायकापोरांचा विचार करूनच ठरवलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

मी विद्यापीठात शिक्षकेतर. २०१० ला लागलो तेव्हा वय ३५. आम्ही ५८ ला घरी जातो, म्हणजे सेवा भरते २३ वर्षं. हमीची पेन्शन म्हणजे जी एकीकृत योजना (यूपीएस) आपल्या मंत्रिमंडळाने २५ ऑगस्ट २०२४ ला स्वीकारली, तिची जाहिरात सगळीकडे '५० टक्के पेन्शन' अशी झाली. ते ५० टक्के २५ वर्षांच्या सेवेला आहेत. त्याच्या आत सेवा असेल तर त्या प्रमाणात कपात. मला ४६ टक्के. शेवटच्या १२ महिन्यांचं सरासरी मूळ वेतन ७५ हजार धरलं तर ३४,५०० आणि त्यावर महागाई भत्ता. वर एकरकमी जे मिळतं ते दर सहा महिन्यांच्या सेवेला पगाराचा दहावा भाग, म्हणजे माझ्या २३ वर्षांना ४.६ पगार. माझ्या नावावरचा फंड मात्र माझ्या हातात येत नाही. त्यातून काही काढलं तर पेन्शन त्या प्रमाणात कापली जाते.

एनपीएसमध्ये माझे १० आणि शासनाचे १४ टक्के जातात. निवृत्तीपर्यंत ८० लाख होतील असा माझा अंदाज आहे. ४८ लाख हातात, करमुक्त. ३२ लाखांची अ‍ॅन्युइटी (विमा कंपनीकडून दरमहा ठरावीक रक्कम), सहा टक्क्यांनी महिना १६ हजार, आणि आमच्या पश्चात ते ३२ लाख वारसाला परत. ४८ लाख सात टक्क्यांनी ठेवले तर महिना २८ हजार. झाले ४४ हजार. ३४,५०० मोठे की ४४ हजार?

ज्याची सेवा ३० वर्षं भरते त्याने खुशाल हमी घ्यावी. पण सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका.

गोदाकाठचा

ती पोस्ट माझीच. भाऊ, तुमची बेरीज बरोबर आहे, पण ती पहिल्या महिन्याची बेरीज आहे. तुमचे ४४ हजार पंधरा वर्षांनीही ४४ हजारच राहणार. अ‍ॅन्युइटीला महागाई भत्ता नसतो. ३४,५०० दरसाल पाच टक्क्यांनी वाढले तर वीस वर्षांनी ९१ हजारांच्या पुढे जातात. ७८ व्या वर्षी दवाखान्याचं बिल आजच्या भावाने येणार आहे का?

माझे वडील जिल्हा परिषदेचे शिक्षक, जुन्या पेन्शनवाले. १९९६ ला निवृत्त झाले तेव्हा पेन्शन इतकी कमी होती की आईने शिलाई मशीन पुन्हा बाहेर काढलं. आज त्याच पेन्शनवर त्यांचं डायलिसिस चालतं. महागाई भत्ता आणि वेतन आयोगांनी ती तिथवर आणली. म्हणून मी त्या शब्दांत लिहिलं. तुम्हाला उद्देशून नव्हतं.

तासिकावाला

तुम्ही दोघं २३ आणि २५ वर भांडताय. माझी सेवा १७ भरते. का भरते ते सांगू? २००४ ते २०१३ अशी नऊ वर्षं मी तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर शिकवलं. सेट (प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा) झालेलो, पीएच.डी. चालू. दोन महाविद्यालयं, मध्ये ४० किलोमीटर, सकाळी एक आणि दुपारी दुसरं. दिवाळीच्या सुट्टीचे पैसे नाहीत, उन्हाळ्याचे नाहीत, मार्चचं बिल ऑगस्टला. कायम झालो तेव्हा ४३ पूर्ण. ती नऊ वर्षं कुठल्याच योजनेत नाहीत, जुन्या नाही, नव्या नाही, एकीकृत नाही. ती धरली असती तर माझी २६ होत होती. ३४ टक्के आणि ५० टक्के यांतला फरक त्या नऊ वर्षांचा आहे. योजना कोणती घ्यायची हा ज्यांची सेवा मोजली गेली त्यांचा प्रश्न आहे.

जुना_हजेरीपट

सर, तुमच्याही आधीचे आम्ही. २३ ऑक्टोबर १९९२ ते ३ एप्रिल २००० या काळात लागलेले, नेट-सेट नसलेले. आमची नेमणूक रीतसर, पूर्ण पगारी. आणि २७ जून २०१३ च्या शासन निर्णयाने आमची सेवा सर्व प्रयोजनांसाठी धरली कधीपासून? त्या निर्णयाच्या तारखेपासून! १९९६ ला वर्गात उभा राहिलेला माणूस कागदावर २०१३ ला जन्मला. १ नोव्हेंबर २००५ च्या अलीकडे ढकलला गेला, आणि त्या तारखेपासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, म्हणजे तीही गेली. कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या आम्हाला. माझ्याकडे आजही १९९६ चा हजेरीपट आहे, त्यावर त्या वेळच्या प्राचार्यांची हिरव्या शाईतली सही आहे.

परीक्षा_विभाग

सर, तुमचं दुःख मोठं आहे, पण धागा त्यावर नव्हता. आणि एक बोलतोच. प्राध्यापकांना ६० पर्यंत नोकरी, आम्हाला ५८. तीच दोन वर्षं मला मिळाली असती तर माझी २५ पुरी होत होती. तुमच्या मागण्यांत आमची ही मागणी मी कधी वाचलेली नाही.

तासिकावाला

आम्ही ६० ला जातो कारण आम्ही लागतोच चाळिशीत! तुम्ही ३५ ला कायम झालात, मी ४३ ला. दोन वर्षं जास्त मिळूनही माझी सेवा तुमच्यापेक्षा सहा वर्षांनी कमी आहे. आणि आमचं मानधनाचं बिल कुठल्या टेबलावर अडकायचं? शिक्षकेतरांच्याच. 'उद्या या' ऐकण्यासाठी मी तास बुडवून जायचो.

परीक्षा_विभाग

बिल टेबलावर अडकायचं कारण वरून अनुदान आलेलं नसायचं. आमचा स्वतःचा डीसीपीएसचा (एनपीएसच्या आधीची राज्याची अंशदायी योजना) हिशोब वर्षानुवर्षं लागत नव्हता. माझ्या पगारातून १० टक्के कापले जात होते आणि स्लिपवर शासनाच्या हिश्श्यासमोर दोन वर्षं शून्य होतं. मी कोणाला 'उद्या या' म्हटलं असेल तर मलाही कोणीतरी तेच म्हणत होतं. जुन्या पेन्शनसाठीच्या मार्च २०२३ च्या संपात आम्ही १४ तारखेपासून २० पर्यंत उन्हात बसलो. तुमच्यातले किती आले होते ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

तासिकावाला

मी होतो. सातही दिवस. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून मी नव्हतो असं होत नाही.

परीक्षा_विभाग

होतात तर माझं ते वाक्य मागे घेतो. बाकीचं नाही.

जाहिरात_जून_०५

दोघांनी थांबा. माझी जाहिरात जून २००५ ची, रुजू झालो जानेवारी २००६ ला. मुलाखती लांबल्या त्यात माझा काय दोष? २ फेब्रुवारी २०२४ ला शासनाने निर्णय काढला, की जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची असेल तर जुन्या पेन्शनचा एकवेळ विकल्प. तो शासकीय कर्मचाऱ्यांसाठी. मी विद्यापीठाचा. माझ्या फाईलवर पहिला शेरा 'विद्यापीठाला लागू आहे का ते तपासावे'. इथे कोणी माझ्यासारखं असेल तर जाहिरातीचं मूळ कात्रण जपून ठेवा, झेरॉक्स चालत नाही म्हणतात. मी माझं जुन्या वर्तमानपत्रांच्या ग्रंथालयात जाऊन शोधलं.

ताई_नांदेड

मी नोकरीत नाही. माझे मालक प्रयोगशाळा सहायक होते, २००६ ला लागले, २०१७ ला गेले. अकरा वर्षं सेवा. तेव्हा डीसीपीएसवाल्यांच्या घरी कुटुंबनिवृत्तिवेतन नव्हतं. २०२३ च्या संपानंतर शासनाने ते मान्य केलं, त्याआधी आमच्यासारख्या बायकांनी कसे दिवस काढले ते इथल्या हिशोबात कुठेच दिसत नाही.

खात्यात होते ते पैसे एकदम मिळाले. परीक्षा विभागवाले दादा ४८ लाख सात टक्क्यांनी ठेवणार म्हणतात. दादा, एकरकमी पैसे घरात आले की सगळ्या गावाला कळतं. थोरल्या दिराला ट्रॅक्टरचा हप्ता भरायचा होता. नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. 'तुला काय करायचेत इतके, पोरं लहान आहेत अजून.' मी नाही म्हणाले तर वर्षभर माझ्याशी कोणी बोललं नाही. शेवटी दिले. परत आले नाहीत. महिन्याला दहा हजार येत असते तर ते कोणी मागितले नसते, कारण ते किराण्यात गेले असते आणि सगळ्यांना ते माहीत असतं. मला हमीच हवी होती.

गोदाकाठचा

ताई, तुम्ही लिहिलंत ते मला इतक्या नीट सांगता आलं नसतं. भाऊ, यावर उत्तर द्या.

परीक्षा_विभाग

ताई, तुमचं वाचून मी मोबाइल बाजूला ठेवला आणि बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'खरं आहे.'

आता जे मी वर लिहिलं नाही ते लिहितो. मला एकच मुलगी आहे, १९ वर्षांची. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. बोललेलं सगळं समजतं, पण चमचा स्वतः धरता येत नाही. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वासाठी जिल्हा समितीकडे अर्ज केला, तेव्हा त्यांनी विचारलं, तुमच्यानंतर हिच्या उत्पन्नाचं काय? त्या प्रश्नानंतर मी या योजना वाचायला बसलो.

जुन्या पेन्शनमध्ये अशा अपत्याला हयातभर कुटुंबनिवृत्तिवेतन असतं. एकीकृत योजनेत ६० टक्के कुटुंबपेन्शन आहे ती फक्त जोडीदाराला. मी गेलो की बायकोला २०,७०० आणि महागाई भत्ता. ती गेली की तिथे संपलं. मुलीला काही नाही, आणि फंडही परत नाही. एनपीएसमध्ये ते ३२ लाख मुलीसाठी नेमलेल्या पालकापर्यंत पोहोचतात आणि ४८ लाखांतलं जे वाचवलं असेल तेही. गोदाकाठचे सर, आम्ही दोघं जिवंत असेपर्यंत तुमचं गणित माझ्यापेक्षा चांगलं आहे. हे मला मान्य करावं लागतंय. पण मला आम्ही दोघं नसलो की त्यानंतरचं गणित हवंय, आणि मुलगी कदाचित त्यानंतर आणखी तीस वर्षं असेल.

म्हणून 'बायकापोरांच्या तोंडचा घास' हे शब्द लागले.

गोदाकाठचा

ते शब्द मी लिहायला नको होते. पोस्टमधून काढतो.

तरी एक सांगतो, रागावू नका. केंद्राने २०२५ मध्ये स्पष्ट केलंय, की एकीकृत योजना घेतलेल्याला निवृत्तीच्या एक वर्ष आधीपर्यंत एकदा एनपीएसमध्ये जाता येतं. उलटा रस्ता नाही. मग आज हमी घ्या, २०३२ ला मुलीची परिस्थिती, तुमच्या दोघांच्या तब्येती बघून ठरवा. आज एनपीएस धरलं तर दार बंद. आणि राज्याची स्वतःची सुधारित योजनाही आहे, जिची घोषणा १ मार्च २०२४ ला विधिमंडळात झाली होती. तिचे कुटुंबाचे नियम वेगळे वाचून बघा. मी इथे तिच्याबद्दल बोलत नाही.

परीक्षा_विभाग

ही परतीची सवलत केंद्राच्या कर्मचाऱ्यांची आहे. आपल्या विद्यापीठाला लागू असल्याचा कागद मला दाखवा. तोंडी ऐकून मी मुलीचं भवितव्य ठरवणार नाही. वर जाहिरातवाल्या दादांच्या फाईलवरचा शेरा वाचलात ना?

पण मुद्दा वजनाचा आहे. सोमवारी लेखा विभागात लेखी विचारतो: एक, परत जाण्याची सवलत आपल्याला आहे का. दोन, अपंग अपत्याबद्दल सुधारित योजनेत काय लिहिलंय. आवक क्रमांक घेऊन येतो.

तासिकावाला

त्या अर्जात तिसरा प्रश्न घाला, तासिका तत्त्वावरच्या सेवेचा. उत्तर नकार येईल, मला माहीत आहे. पण नकार लेखी हवाय. नऊ वर्षांत मला त्यांनी काहीच लेखी दिलेलं नाही.

परीक्षा_विभाग

घालतो. तुमच्या नेमणूकपत्रांच्या प्रती पाठवा, प्रत्येक वर्षाची वेगळी.

तासिकावाला

नऊपैकी सहाच आहेत. बाकीच्या तीन वर्षी पत्र दिलंच नव्हतं, नुसतं वेळापत्रकात नाव घातलं होतं. वेळापत्रकं आहेत माझ्याकडे. चालतील?

परीक्षा_विभाग

जोडतो.