जुन्या बुलेटला कोकणात ऑइल कूलर हवा की नको?

दर्यावर्दी३५०
माझी बुलेट १९८६ ची, ३५०, लोखंडी बोरवाली (म्हणजे सिलिंडर बिडाचा). तेलाच्या टोपीच्या जागी काट्याचं थर्मामीटर बसवलं आणि तेव्हापासून रस्त्यापेक्षा काट्याकडेच लक्ष असतं. परवा चिपळूणहून कुंभार्ली घाट चढलो. मागे बायको, कॅरिअरला आंब्याची पेटी. वर पोचेपर्यंत काटा ११८ डिग्रीवर. माझं मत पक्कं झालंय, हिला कूलर, म्हणजे इंजिनचं तेल वाऱ्यावर गार करणारी जाळी, हवाच. हिची तेलाची टाकी वेगळी नाही, क्रँककेसच्याच, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीच्याच, ओतिवात मागच्या बाजूला आहे. म्हणजे दोनेक लिटर तेल आणि तेही चुलीला चिकटून ठेवलेलं. जुन्या ट्रायम्फची टाकी निदान सीटखाली वेगळी तरी असते. बोलायचं असेल त्याने बोला.

जांभा_चिरा
बोलतो. घाटात दुसऱ्या गिअरवर, डबलसीट, ११८ म्हणजे फार नव्हे. २०डब्ल्यू५० तेल १०० डिग्रीलाही १६.३ सेंटिस्टोकच्या वर दाटपणा राखतं, म्हणून तर आपण ते घालतो. १३० च्या पुढे काटा ठाण मांडून बसला तर काळजी करा.

मला सांगा, गाडी रोज कुठे जाते? बंदरावर मासळी आणायला, तिथून बाजारात, तिथून घरी. त्यात तेल धड कोमटही होत नाही. लिटरभर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. बहुतेक सायलेन्सरमधून जातं, पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांवरून खाली क्रँककेसात उतरते. तेल नीट तापलं तरच ती उडून जाते. नाहीतर वर आपल्या पावसाळी हवेची भर. गेल्या श्रावणात मी टॅपेटचं झाकण उघडलं तर आत तेल-पाण्याचं पांढरं ताक! वाटीभर निघालं असतं. आणि तुम्ही त्या तेलाला आणखी गार करायला निघालात.

दर्यावर्दी३५०
ताक माझ्याकडेही झालंय, नाकारत नाही. पण मग गणपतीचं काय? महामार्गावर माणगावपाशी दीड तास मुंगीच्या पावलाने. खाली पाय भाजत होते.

जांभा_चिरा
तिथे कूलर काय करणार? त्यालाही वारा लागतो. उभ्या गाडीवर तो नुसता दागिना. गाडी बंद करा, वडापाव खा.

खाडीपलीकडला
मेल्यांनो, माझ्या बापाशीन हीच गाडी चाळीस वर्सां चलवल्यान, कूलर खंय दिसलो नाय. तेल मात्र वेळेवर बदलल्यान.

येझदीवाला_दापोली
आमचं टू-स्ट्रोक. तेल पेट्रोलात घालायचं, जळून जायचं, तापमान विचारायला उरतंच कोण? चालू द्या तुमचं.

किक_पहिलीच
दोघेही चुकताय असं माझं म्हणणं, आणि दर्यावर्दी थोडे जास्त. गाडी तापते म्हणजे उष्णता कुठून तरी जास्त येतेय, ते आधी बघा. पॉइंटच्या (ठिणगी पाडणाऱ्या स्विचच्या) पाट्यामागे ऑटो-ॲडव्हान्सची वजनं असतात, दोन बारीक स्प्रिंग; वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणं हे त्यांचं काम. खाऱ्या हवेत ती गंजून जाम होतात. मग वेग वाढला तरी ठिणगी उशिराच पडते, जळण एक्झॉस्टपर्यंत रेंगाळतं आणि हेड तापतं. माझी गाडी अशीच दोन उन्हाळे तापली. मिस्तरीने तेल बदलून दिलं, जेट बदलून दिला, पाट्याखाली कुणी बघितलंच नाही. शेवटी मीच उघडलं, वजनं बोटाने हलेनात. रॉकेलने धुऊन थेंबभर तेल सोडलं. खर्च शून्य.

तरीही लावायचाच असेल तर कूलर तेलाच्या परतीच्या वाटेवर, इंजिनकडून टाकीकडे येणाऱ्या, लावा. टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या तेलाच्या वाटेत अडथळा नको, बिग-एंड (कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग) उपाशी राहील. आणि पुढच्या चाकामागे लावाल तर जुलैत लाल चिखलाने फिन्स लिंपून जातील, मग ते कूलर नव्हे, गोधडी.

दर्यावर्दी३५०
पाटा आत्ताच उघडला. एक वजन हलतंय, दुसरं अर्ध्यावर अडकतंय. ठीक, ते साफ करतो. पण टाकी चुलीला चिकटलेली आहे हा मुद्दा कुणी खोडला नाही, आणि लोखंडी बोर ॲल्युमिनियमपेक्षा उष्णता सावकाश सोडतो हाही. थर्मोस्टॅटवाला कूलर घेतोय, ८० च्या आसपास उघडणारा. बंदरावर जाताना बंद, घाटात चालू. मग तुमच्या ताकाची तक्रार उरत नाही, जांभा.

जांभा_चिरा
चार नवे जोड, आठ वॉशर, दोन नळ्या, सगळं समुद्राकाठी. गळायला लागलं की फोटो टाका. आधी वजनं साफ करून तोच घाट, तीच पेटी, तसंच डबलसीट चढून या. काटा ११० च्या खाली आला तर कूलरचे पैसे वाचले.

दर्यावर्दी३५०
पेटी संपली. बायको म्हणते पुन्हा येणार नाही. तेवढ्या वजनाची सिमेंटची गोणी चालेल का?