दहावीला पोर्शन बाजूला ठेवून शिकवलेलं पोरांना पुढे खरंच पुरतं का?

रावेरची_मॅडम
नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यातल्या एका हायस्कूलला मी नववी दहावीला विज्ञान शिकवते. परवा कार्बनी संयुगं चालू होती, इथिलीनचं सूत्र फळ्यावर लिहिलं, पोरं मुकाट्याने उतरवून घेत होती. मग विचारलं की तुमच्या घरच्या केळीचा घड पिकवतात कसा, तर मागच्या बाकावरचा एक पोरगा, जो एरवी तोंडच उघडत नाही, तो उठून रायपनिंग चेंबरमध्ये गॅस कसा सोडतात, टेंपरेचर १६-१८ च्या आसपास का ठेवतात हे सगळं सांगायला लागला, त्याचे वडील तिथेच कामाला आहेत. त्यावरून फळं पिकवायला कार्बाइड वापरण्यावर बंदी का, त्यातून निघतो तो ॲसिटिलीन आणि हा इथिलीन यात फरक काय, असं करत करत पुढचा तासही त्यातच गेला. वर्ग इतका जागा मी कधी पाहिला नव्हता. पण पोर्शन मागे पडला आणि स्टाफरूममध्ये ऐकून घ्यावं लागलं. तुम्हाला शाळा सोडून बरीच वर्षं झालीत, खरं सांगा, असं शिकवलेलं पुढे काही उरतं का? की प्रश्नपेढी घोकून घेणंच बरं?

यावलचा_केळीवाला
उरतं मॅडम. आमच्या भूगोलाच्या सरांनी शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवलं होतं, पावसाळाभर आळीपाळीने एकेकाने आकडा वाचून वहीत लिहायचा. आकडा पटला नाही तर सर ओरडायचे नाहीत, म्हणायचे परत वर जाऊन बघ. मला भूगोलात मार्क साधेच पडले पण वही ठेवायची सवय अजून आहे. बागेत पानांवर करपा रोग दिसला की आजूबाजूचे लोक थेट दुकानात जाऊन देईल ती बाटली आणतात, मी आधी वहीत बघतो की पाऊस कधी पडला, दमटपणा किती दिवस होता, मग खालची डागाळलेली पानं कापून बागेबाहेर काढतो आणि मगच फवारणीचं ठरवतो. दुकानदाराला "हेच औषध का" असं विचारायची हिंमत त्या गच्चीवरच आली भो, दुसरीकडे कुठे नाही.

भुसावळचे_पालक
सगळं खरं, पण आमची मुलगी यंदा दहावीला आहे. अकरावी काय, डिप्लोमा काय, ॲडमिशन मार्कांवरच होते. विज्ञानाचे ४०-४० चे दोन लेखी पेपर, २० मार्क प्रात्यक्षिकाचे, त्यात धडे राहिले तर आमच्यासारख्यांनी क्लासची फी कुठून आणायची? मॅडम, असले प्रयोग नववीत भरपूर करा, दहावीत जपून.

निवृत्त_मास्तर_अमळनेर
भुसावळच्या दादांची काळजी रास्त आहे, गरीब घरच्या पोराला मार्क लागतातच. पण मॅडम, तुम्ही लिहिलंय त्यात मला इथिलीनपेक्षा तो मागच्या बाकावरचा पोरगा महत्त्वाचा वाटतो. बापाच्या कामाला वर्गात किंमत आहे हे त्याला त्या दिवशी कळलं, आता तो पुस्तक उघडेल. आमच्या गावात साने गुरुजी १९२४ ते १९३० प्रताप हायस्कूलला शिक्षक होते. लोक त्यांच्या गोष्टी आणि डोळ्यातलं पाणी एवढंच सांगतात, मला ते अपुरं वाटतं. गुरुजी छात्रालय सांभाळायचे, पोरांच्या खोल्या झाडायचे, आणि त्यांच्यासाठी 'विद्यार्थी' मासिक चालवायचे. म्हणजे कुठलं पोरगं काय खातं, काय वाचतं, कशाला घाबरतं हे त्यांना माहीत असायचं. शिकवण्यात जीव ओतणं म्हणजे मी तरी हेच समजतो, नुसते प्रयोग आणि प्रोजेक्टर नव्हे. रोज दोन तास घालवू नका. धड्याच्या सुरुवातीला दहा मिनिटं पोरांचं ऐका, उरलेल्या वेळात दणकून पोर्शन घ्या, मी असंच करायचो आणि धडे पुरे व्हायचे.

धडगावची
मी आश्रमशाळेत शिकले. घरी पावरी ही आमची आदिवासी बोली, वर्गात मराठी, त्यामुळे आठवीपर्यंत मी गप्पच. नववीला एक बाई आल्या, त्या आम्हाला जंगलातल्या झाडांची आमची नावं विचारून फळ्यावर मराठी नावाशेजारी लिहायच्या, आणि नाव सांगणाऱ्यानेच ते झाड कशाला वापरतात हेही सांगायचं. पहिल्यांदा मी उभी राहिले ती मोहाबद्दल बोलायला, पाय लटपटत होते. आज मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे, डोंगरातून आलेली बाई घाबरून काही बोलत नसली की मी तिच्या शेजारी बसते, तिच्या बोलीत विचारते आणि पुरं सांगेपर्यंत उठत नाही. ट्रेनिंगला हे कोणी शिकवलं नाही मॅडम, हे त्या बाईंचंच आहे. तुम्ही सोडू नका.

रावेरची_मॅडम
सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तरांचं दहा मिनिटांचं सोमवारपासून चालू करते, आणि भुसावळच्या दादा, मागे राहिलेला धडा जादा तासाला घेईन, त्याची फी नाही. त्या पोराला म्हटलंय की तू वर्गाला चेंबर दाखव, तर तो वडिलांना विचारतो म्हणालाय, पण मालकाची परवानगी लागेल. सावदा रावेरकडचं कोणी ओळखीचं आहे का?

यावलचा_केळीवाला
सावद्याला माझ्या मावसभावाचं चेंबर आहे, बोलतो त्याच्याशी. शाळेच्या लेटरहेडवर पत्र आणा आणि गाड्या भरायची वेळ टाळून या, तेव्हा तिथे उभं राहायलाही जागा नसते. पोरांना स्वेटर आणायला सांगा, आत गारठा असतो.