स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया: मेडिक्लेम मिळतो का?

मृ_नाशिक: वय ३४. मान-खांदे सतत दुखतात, ब्राच्या पट्ट्यांचे वळ कायमचे, उन्हाळ्यात छातीखाली पुरळ चिघळतं. टीपीए (विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणारी संस्था) म्हणतो 'कॉस्मेटिक'. सासूबाईंचंही तेच मत, पण क्लेम त्यांच्याकडे नाही मागायचाय!

अनुताई: पॉलिसीत एक्सक्लूजन कोड ०८ वाच, म्हणजे कॉस्मेटिक-प्लास्टिक सर्जरीचा खर्च वगळणारं कलम. आरोग्याला थेट, तातडीचा धोका टाळण्यासाठी शस्त्रक्रिया आवश्यक आहे असं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून दिलं तर अपवाद आहे. कंपन्या अडतात त्या 'तातडीचा' वर. म्हणून ऑर्थो आणि त्वचारोगतज्ज्ञ, दोघांचे कागद जोड.

कोथरूडकर: नकार लेखी घ्या. आधी कंपनीकडे तक्रार. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी). फी नाही, वकीलही लागत नाही.

मृ_नाशिक: ताई, पुरळाचे फोटो चालतील?

अनुताई: जोड, पण केसपेपरवर नोंद हवीच.