आईच्या शुश्रूषेसाठी ठेवींची उतरंड कशी लावावी?

प्रश्न
आईचं वय ७८. तिची शिल्लक १५० धरली, तर पेन्शन वजा जाता शुश्रूषेला वर्षाला १० कमी पडतात (आकडे फक्त प्रमाणासाठी). सगळं बचत खात्यात पडून आहे. मुद्दल बुडायला नको, दरमहा पैसे हातात यावेत आणि अचानक दवाखाना निघाला तर अडू नये. पाच वर्षांची एकच मुदत ठेव करून मासिक व्याज घ्यावं की बाँड फंडात (कर्जरोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडात) टाकावं?

उत्तर १
आधी व्याजावरच भागवायचा हट्ट सोडा. १५० वर १० म्हणजे ६.६७ टक्के, तेही कर कापून. समजा मिळालं, तरी व्याज पाच वर्षं तेवढंच राहणार आणि खर्च मात्र चढत जाणार. वाढ ८ टक्क्यांची असेल तर नऊ वर्षांत दुप्पट. मुद्दल वापरण्यासाठीच आहे, फक्त क्रमाने वापरायचं.

चालू वर्षाचे १० खात्यात. आणखी १० दवाखान्यासाठी, चार-पाच छोट्या ठेवींत. मोठी एकच ठेव मोडली की दंड सगळ्या रकमेवर बसतो, वर व्याजही जितके दिवस ठेवली तितक्याच मुदतीच्या दराने. मग १, २, ३, ४ आणि ५ वर्षांच्या प्रत्येकी १० च्या संचयी ठेवी (व्याज मुदतीअखेर मुद्दलासोबत एकदम मिळतं अशा). उरलेले ८० सुद्धा दहा-दहाच्या ठेवींत, लांबात लांब मुदतीच्या. दरवर्षी वरचं मडकं उतरवायचं.

करानंतरचं व्याज खर्चवाढीच्या बरोबरीने राहिलं तर दवाखान्याचे १० न धरता १४ वर्षं पुरतात. एक टक्का मागे पडलं तर १३. तीन टक्के मागे पडलं तर जेमतेम १२, म्हणजे नव्वदीपर्यंत. हा शेवटचा आकडा धरून चाला.

उत्तर २
बाँड फंडाबद्दल. फंडाच्या माहितीपत्रकात ‘ड्युरेशन’ (व्याजदर हलले की किंमत किती हलते याचं माप) बघा. तो ७ असेल आणि बाजारातले व्याजदर एक टक्क्याने चढले, तर फंडाची किंमत साधारण ७ टक्के उतरते. पुढच्या वर्षीचं नर्सचं बिल त्यात ठेवणं म्हणजे जुगारच. सरकारी रोखा थेट घेऊन मुदतीपर्यंत धरला तर मधली चढउतार अंगाला लागत नाही, पण मुदत खर्चाच्या वर्षाशी जुळायला हवी.

ठेव विम्याची (बँक बुडाली तर भरपाई देणाऱ्या विम्याची) मर्यादा साधारणपणे एका बँकेतल्या एका ठेवीदाराची असते. शाखा बदलून ती वाढत नाही. व्याजही त्यातच मोजलं जात असेल तर काठोकाठ भरू नका. दोन टक्के जास्त देणाऱ्या कंपनी ठेवी? आईच्या पैशात नकोत.

उत्तर ३
वरचं गणित बरोबर आहे, पण गाडी अडते ती सहीवर. हात थरथरायला लागला की ‘ट’चा गोलावा बिघडतो आणि नमुना सहीशी जुळत नाही म्हणून अर्ज परत येतो. स्मरणशक्ती गेल्यावर तर काहीच करता येत नाही. म्हणून आजच प्रत्येक ठेवीवर दुसरं नाव घाला, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहणारा) पद्धतीने. बचत खात्यावर नाव आहे म्हणून ठेवींवर आपोआप येत नाही. नॉमिनीला आई असेपर्यंत काही करता येत नाही. मुखत्यारपत्र करणार असाल तर वकिलाला नेमकं विचारा: आईला समज उरली नाही तरी ते चालेल का? साधं मुखत्यारपत्र बऱ्याच ठिकाणी तिथेच संपतं.

ज्या वर्षाची ठेव वापरायची तिचं आपोआप नूतनीकरण बंद ठेवा, नाहीतर पैसे परत अडकतात. मुदत गरजेच्या महिनाभर आधी संपू दे. संचयी ठेवीचं व्याज हातात आलं नाही तरी कर दरवर्षी लागू शकतो, तो खात्यातल्या १० मधून जाईल.

प्रश्नकर्ता
आणि नव्वदीनंतर?

उत्तर १
८२-८३ च्या सुमारास उरलेल्यातला थोडा भाग वार्षिकीत (एकरकमी पैसे घेऊन आयुष्यभर ठरावीक रक्कम देणाऱ्या योजनेत) घालायचा विचार करा. वय वाढतं तसा वार्षिकीचा दर वाढतो, म्हणून आत्ता घाई नको. मात्र त्यातलं मुद्दल सहसा परत निघत नाही. दवाखान्याच्या ठेवी शाबूत असतील तरच.