पूरग्रस्तांसाठी हाताने काय शिवावे?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)

नमस्कार. आम्ही अकरा जणी दर गुरुवारी दुपारी एकत्र बसून शिवणकाम आणि विणकाम करतो. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 57 फुटांच्याही वर गेले, तेव्हा आमच्यापैकी तिघींची घरे पाण्यात होती, आणि निवारा केंद्रात मिळालेली हातशिवणीची एक वाकळ त्यांतल्या एकीने अजून जपून ठेवली आहे. यंदा पावसाळ्याआधी आपणही काही करावे, असे आम्ही ठरवले आहे. जुनी सुती लुगडी आणि लोकर बरीच जमली आहे. वाकळी, बाळांची टोपडी, कापडी पॅड यांपैकी खरोखर काय उपयोगी पडते? त्या पुरात एका शाळेच्या व्हरांड्यात लोकांनी दिलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग भिजून कुजताना मी पाहिले आहेत. आमच्या कामाची तशी गत होऊ नये, एवढीच काळजी वाटते.

प्रतिसाद (भिलवडी)

ताई, वाकळी अवश्य शिवा, पण पातळ शिवा. आपल्याकडे पाच-सहा थरांची वाकळ चांगली मानली जाते, मात्र तीच वाकळ श्रावणात एकदा भिजली की आठवडाभर वाळत नाही आणि तिला कुबट वास धरतो. वर-खाली एकेक लुगडे आणि आत एकच थर पुरे. लांबी सहा फूट आणि रुंदी चार फूट ठेवली, तर एकटी बाईसुद्धा ती धुऊन पिळू शकते. कापड उजेडासमोर धरून पाहावे, दोन्ही हातांनी ताणून पाहावे आणि विरलेला भाग निर्दयपणे कापून टाकावा, कारण जीर्ण कापडावर घातलेला धावदोरा पहिल्याच धुण्यात फाटून निघतो. नायलॉनच्या साड्या अजिबात घेऊ नयेत.

वाकळींची वेळही महत्त्वाची आहे. पहिल्या काही दिवसांत लोकांना शिजवलेले अन्न, पिण्याचे पाणी आणि औषधे हवी असतात. पाणी ओसरल्यावर माणसे घरी परततात, चिखल काढतात आणि भिजलेल्या कापसाच्या गाद्या उकिरड्यावर टाकतात. त्या रात्री फरशीवर अंथरायला काहीच नसते. आमच्या घरी ती रात्र आम्ही पोत्यांवर काढली. म्हणून वाकळी आधी शिवून, कडक उन्हात वाळवून, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून कोरड्या जागी ठेवाव्यात आणि पाणी उतरल्यावरच वाटाव्यात.

प्रतिसाद (मिरज, निवृत्त परिचारिका)

मी अनेक वर्षे नवजात बालकांच्या कक्षात काम केले, म्हणून टोपड्यांविषयी लिहिते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या शरीराच्या मानाने डोके मोठे असते आणि तेथून बरीच उष्णता निघून जाते, त्यामुळे टोपडे ही त्याची खरी गरज आहे. अशा बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवतात तेव्हा त्याच्या अंगावर टोपडे, लंगोट आणि मोजे एवढेच असते. स्वेटर विणण्याचे कष्ट वाचवून टोपडी अधिक करावीत, असे मला वाटते.

घेर 25 ते 30 सेंटिमीटर ठेवावा, कारण बाजारातले टोपडे या बाळांच्या डोळ्यांवर घसरते. गोंडे, मणी आणि हनुवटीखाली बांधायच्या नाड्या नकोत. आपल्या कुंचीला नाडी असतेच, हे मला ठाऊक आहे, पण ती गळ्याभोवती अडकण्याची भीती असते. सुती दोरा सर्वांत उत्तम, कारण शुद्ध लोकर गरम पाण्यात धुतली की आटते. विणण्यापूर्वी जवळच्या रुग्णालयातील प्रमुख परिचारिकेला भेटून किती आणि कोणत्या मापाची हवीत, हे विचारून घ्यावे.

प्रतिसाद (पाटण)

कापडी पॅडला धुण्यासाठी स्वच्छ पाणी, वाळवायला ऊन आणि आडोसा लागतो. निवारा केंद्रात यांतले काहीच नसते, म्हणून तेथे विकतचेच द्यावेत आणि कापडी पॅड घरी परतल्यानंतर द्यावेत.

जुलै 2021 मध्ये आमच्या तालुक्यात आंबेघर आणि मिरगाव येथे दरडी कोसळल्या. त्यानंतरच्या मदतकार्यात माझ्या ध्यानात आले की गावातल्या आशाताईंकडे गरोदर आणि बाळंत स्त्रियांची यादी तयार असते, आणि त्यांना विचारून दिलेली वस्तू वाया जात नाही. आमच्याकडच्या पावसात सुती वाकळीपेक्षा घोंगडे बरे, कारण लोकर दमट झाली तरी ऊब धरते. तेवढी घोंगडी आपण विणू शकत नाही. त्यासाठी वर्गणी काढून माण भागातल्या विणकरांकडून ती विकत घ्यावीत, म्हणजे त्यांच्याही हाताला काम मिळेल.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. येत्या गुरुवारी जमलेली लुगडी उजेडासमोर धरून निवडतो, आणि आमच्यापैकी दोघी रुग्णालयात जाऊन टोपड्यांची मापे घेऊन येतील. एक शंका राहिली: लुगड्यांचे जरीचे काठ वाकळीत ठेवावेत का?

प्रतिसाद (भिलवडी)

जर टोचते, म्हणून काढून टाका. साधे सुती काठ मात्र कडेला दुमडून शिवा. वाकळ आधी कडेलाच फाटते.